वस्तादाची जागा

आमच्या कोल्हापुरात पैलवानाची कुस्ती सुटली म्हणून त्याची तालीम सुटत नाही. वय होतं, गुडघे कुरकुरायला लागतात, मैदानात लागलेल्या जोडीला हात जोडून नाही म्हणावं लागतं. लंगोट खुंटीला जातो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे हा माणूस पुन्हा हौद्याच्या कडेला उभा असतो. पोरं जोर मारतात, हा मोजतो. एखाद्याची पकड चुकली की स्वतः मातीत उतरतो आणि मान कुठे ठेवायची, ते धरून दाखवतो. कालपर्यंत लोक त्याला पैलवान म्हणत होते, आता वस्ताद म्हणतात. आणि वस्ताद रस्त्याने निघाले की गदा मिळवलेला पोरगाही वाकून पाया पडतो.

याच तालमींनी कोल्हापूरचा फुटबॉल वाढवला. पाटाकडील तालीम मंडळ हे नाव ऐकून बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आखाडा येतो, आमच्या डोळ्यांपुढे शाहू स्टेडियमची गच्च भरलेली गॅलरी येते. कुस्तीकडून आम्ही फुटबॉलला पेठेचं नाव दिलं, ईर्षा दिली, खुराकाची रीत दिली. वस्तादाची जागा द्यायची मात्र राहून गेली. हे मला कित्येक वर्षं सलत आलं आहे. म्हणून आज मी गोव्याच्या एका खेळाडूबद्दल बोलणार आहे. खेळणं थांबल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला.

त्याचं नाव क्लिफर्ड मिरांडा. धेंपो क्लबचा डाव्या पायाचा मध्यरक्षक. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने 2005 ते 2012 या काळात देशाची सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली. 2008 साली हा संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड, सगळी गोव्याच्या मातीतली पोरं. त्या वर्षांत भारताचा संघ जाहीर झाला की त्यात धेंपोची नावं ठरलेली असत. ज्यांनी तो संघ खेळताना पाहिला, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

पुढे काळ पालटला. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आली, पैसा आणि झगमगाट तिकडे गेला. 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि धेंपो हे गोव्याचे तीन जुने क्लब जुन्या राष्ट्रीय लीगमधून, आय-लीगमधून, बाहेर पडले. आपल्या मुंबईत तर महिंद्र युनायटेडने त्याआधीच, 2010 साली, गाशा गुंडाळला होता. याचा खेळाडूच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, ते समजून घेतलं पाहिजे. पूर्वी एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ अशा संघांतून खेळणाऱ्याला नोकरी असायची. बूट काढले की तो कचेरीत टेबलाशी बसायचा आणि घर चालायचं. आजचा खेळाडू करारावर खेळतो. पस्तिशीत करार संपतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं हा प्रश्न घरात येऊन बसतो.

खेळणं थांबल्यावर क्लिफर्ड आयएसएलमधल्या एफसी गोवाच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाला. तिथे तो मुख्य प्रशिक्षक नव्हता, सहायक होता. ज्या गावात आपल्या नावाने टाळ्या पडल्या, त्याच गावात दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं.

या हाताखालच्या माणसाचं काम काय असतं, ते मी एकदा जवळून पाहिलं. मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर सामन्याच्या खूप आधी जाऊन बसलो होतो. गॅलरी रिकामी होती, गवतावर पाणी मारून झालेलं. एका संघाचा सहायक प्रशिक्षक काखेत प्लॅस्टिकच्या कोनांची चळत घेऊन आत आला. पावलांनी अंतर मोजत त्याने एकेक कोन मांडला. शेवटचा कोन मांडून झाल्यावर मागे वळून पाहिलं, परत गेला आणि मधला एक कोन वीतभर सरकवला. मग खेळाडू आले. सराव सुरू झाला. एक तरुण बचावपटू चेंडू घेताना सारखा चेंडूकडेच पाहत होता. हा माणूस ओरडला नाही. त्याच्यामागे गेला, दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली आणि त्याला थोडा तिरका वळवला, इतकाच की चेंडू आणि मागून येणारा प्रतिस्पर्धी दोन्ही एकाच नजरेत यावेत. पुढच्या वेळी पोरगा आपोआप तिरका उभा राहिला. मला आमचा हौदा आठवला. मान धरून दाखवणारा तो हात आणि कंबर वळवणारा हा हात, माझ्या लेखी एकच.

सामना सुरू झाल्यावर टीव्हीचा कॅमेरा मुख्य प्रशिक्षकावर असतो. सहायक मागे बाकावर. कॉर्नरला कोण कुणाला धरणार, फ्री किकला भिंतीत किती जण, बदली खेळाडूने आत जाताच पहिली धाव कुठे घ्यायची, ही सगळी टिपणं त्याच्याकडे. शिवाय आपल्याकडे त्याला आणखी एक काम असतं. मुख्य प्रशिक्षक स्पेनचा, संघात एक पोरगा मणिपूरचा, एक मिझोरामचा, एक केरळचा, तिघे गोव्याचे. प्रशिक्षकाची इंग्रजी आणि पोरांची इंग्रजी एकमेकांना भेटेपर्यंत अर्धा हंगाम जातो. अशा वेळी घरच्या भाषेत दोन वाक्यं बोलणारा माणूस बाकावर असला, तर संघ वाचतो. स्वतः दहा-पंधरा वर्षं खेळलेला असेल, तर बाहेर बसवलेल्या खेळाडूच्या मनात काय चाललंय, हे त्याला विचारावं लागत नाही.

आता 2020 सालाकडे या. जानेवारी संपत होता. एफसी गोवा गुणतक्त्यात आघाडीवर, साखळीचे तीन सामने बाकी, आणि क्लबने मुख्य प्रशिक्षक सर्जियो लोबेरा यांना पदावरून दूर केलं. संघ ऐन धावेत असताना सारथी बदलला. सूत्रं आली क्लिफर्डकडे, हंगामी म्हणून. पाठीशी तांत्रिक संचालक डेरिक परेरा होते, तेही गोव्याचेच आणि भारताचे जुने बचावपटू. क्लिफर्डने काय करावं? हैदराबादला 4-1. मुंबई सिटीला 5-2. आणि 19 फेब्रुवारीला जमशेदपुरात जाऊन यजमानांना 5-0. तीन सामन्यांत चौदा गोल. गोव्याने साखळीत पहिला क्रमांक पटकावला, त्या वर्षी प्रथमच ठेवलेली लीग शिल्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो भारताचा पहिला क्लब ठरला.

उपांत्य फेरीत मात्र घात झाला. चेन्नईयिनने आपल्या मैदानावर 4-1 अशी मात केली. परतीच्या सामन्यात, 7 मार्चला, फातोर्ड्यावर गोव्याने जिवाचं रान केलं. एकविसाव्या मिनिटापर्यंत दोन गोल झाले होते, आणखी एक पडला असता तर हिशेब फिटला असता. शेवटी सामना 4-2 असा जिंकला, पण दोन्ही मिळून 6-5 ने गोवा हरला. समोरच्या बाकावर होते स्कॉटलंडचे ओवेन कॉइल. त्यांचं नाव ध्यानात ठेवा.

नवा हंगाम आला, नवे मुख्य प्रशिक्षक आले हुआन फेर्रांडो, आणि क्लिफर्ड पुन्हा सहायक झाला. वाईट वाटण्यासारखं आहे, पण मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण असं मागे बसणं जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूलाही चुकलेलं नाही.

झिनेदिन झिदान. 1998 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारा. 2002 साली ग्लासगोत आकाशातून उतरलेला चेंडू डाव्या पायाने हवेतच मारून रेआल माद्रिदला युरोपचा चषक देणारा. हा माणूस 2013 साली त्याच रेआल माद्रिदमध्ये कार्लो अँचेलोत्ती यांचा सहायक झाला. 24 मे 2014 ला लिस्बनमध्ये अंतिम सामना त्र्याण्णवाव्या मिनिटापर्यंत हातातून गेलेला होता. सर्जियो रामोसने डोक्याने बरोबरी साधली, जादा वेळेत रेआलने 4-1 असा विजय मिळवला, दहावा चषक घरी आला. त्या रात्री झिदान मैदानाच्या कडेला होता, दुसऱ्या माणसाच्या संघाचा मदतनीस म्हणून.

पुढे त्याच्याकडे क्लबचा दुसरा संघ, कास्तिया, सोपवला. हा संघ स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्या पदासाठी लागणारा परवाना झिदानकडे नव्हता, म्हणून ऑक्टोबर 2014 मध्ये स्पॅनिश महासंघाकडून त्याच्या तीन महिन्यांच्या निलंबनाचा निर्णय आला. तो निर्णय पुढे टिकला नाही, पण झिदानने धडा घेतला. फ्रेंच महासंघाचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला. शिकण्याचा भाग म्हणून म्युनिकला जाऊन पेप गार्डिओला यांचा सराव पाहिला. विश्वविजेता हातात वही घेऊन दुसऱ्याच्या मैदानाच्या कडेला उभा राहिला. 2016 च्या जानेवारीत तो रेआलचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि त्या वर्षापासून सलग तीन वेळा त्याने युरोपचा चषक जिंकला.

क्लिफर्डची वाट एवढी सरळ नव्हती. तो ओडिशा एफसीत गेला, पुन्हा सहायक म्हणून, जोसेप गोंबाऊ यांच्या हाताखाली. 2023 मध्ये गोंबाऊ गेले आणि दुसऱ्यांदा हंगामी जबाबदारी त्याच्यावर आली. 25 एप्रिल 2023, कोळिकोड, सुपर कपचा अंतिम सामना. समोर सुनील छेत्रीचा बंगळूरु एफसी. ओडिशाने 2-1 असा विजय मिळवला. त्या क्लबचा तो पहिला मोठा चषक. मग क्लबने पुढच्या हंगामासाठी मुख्य प्रशिक्षक कुणाला नेमलं? सर्जियो लोबेरा यांना. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या जागी क्लिफर्ड उभा राहिला होता, तेच. लोबेरा मोठे जाणकार आहेत, त्यांच्या नेमणुकीला मी नावं ठेवत नाही. पण चषक जिंकून दिलेल्या माणसाला ती खुर्ची मिळायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लिफर्ड मोहन बागानमध्ये गेला. पद तेच, सहायक.

खालिद जमीलचीही कथा अशीच. महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेला हा माणूस. 2017 साली त्याने ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. एवढं करूनही आयएसएलचं दार त्याच्यासाठी उघडलं ते नॉर्थईस्ट युनायटेडचा सहायक म्हणून. 2021 च्या जानेवारीत मुख्य प्रशिक्षक गेले, खालिदने संघ हाती घेतला, साखळीत एकही सामना न हरता उपांत्य फेरीत नेला, आणि आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक होणारा तो पहिला भारतीय ठरला. ऑगस्ट 2025 पासून भारताचा राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला. 2012 साली गोव्याचे सावियो मदेरा त्या पदावरून गेल्यानंतर भारतीय माणूस तिथे बसायला तेरा वर्षं लागली.

त्याच 2025 साली क्लिफर्डलाही आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळाली, चेन्नईयिनची. आधी त्या खुर्चीवर होते ओवेन कॉइल. आणि त्याच वर्षी गोव्यात झालेल्या सुपर कपमध्ये चेन्नईयिनच्या गटात धेंपो क्लब आला. धेंपोचा प्रशिक्षक होता समीर नाईक. ज्या दोघांनी एकाच संघातून पाच विजेतेपदं पाहिली, ते आता दोन बाकांवर समोरासमोर होते. गोव्याने आपले जुने खेळाडू वाया जाऊ दिले नाहीत, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्या घराकडे वळतो. आमच्या पेठेतला एक हाफबॅक होता. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. उन्हाळ्यातल्या सामन्यांत ऐंशीव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखा धावायचा. खेळणं थांबल्यावर एका सत्कारात त्याला फेटा बांधला, नारळ दिला. त्यानंतर त्याच्या मंडळाने त्याला कधी काही विचारलं नाही. आता तो गॅलरीत वरच्या पायरीवर बसतो. गेल्या हंगामात मी त्याच्या शेजारी बसलो होतो. गोल व्हायच्या आधी अर्धं मिनिट तो पुटपुटला, "डावीकडं मोकळा सोडला बघा." तिथूनच गोल झाला. एवढी नजर वरच्या पायरीवर बसली आहे, आणि खाली पोरांना सांगायला कुणी नाही.

परवान्याचं नाव काढलं की जुने खेळाडू बिचकतात. तसं बिचकण्यासारखं त्यात काही नाही. सुरुवातीच्या पायऱ्यांत आहे भारतीय महासंघाचा डी परवाना, काही दिवसांचा अभ्यासक्रम. लहान मुलांना कसं शिकवायचं, सराव कसा आखायचा, ते त्यात येतं. त्यापुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. क्लिफर्ड आणि खालिद याच पायऱ्या चढून वर गेले. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा शर्ट घातला. म्हणजे पोरं आपल्याकडे आहेत. अनिकेतसारखा दुसरा पोरगा आज कुठल्यातरी गल्लीत खेळत असेल, त्याची कंबर धरून त्याला वळवणारा हात मात्र आपण घडवायला हवा.

हंगामाच्या तोंडावर तालीम मंडळं परदेशी खेळाडू आणतात, त्यांचा खर्च वर्गणीतून उचलतात. त्यांनी जरूर आणावेत, गॅलरीला तो खेळ हवा आहे. माझी विनंती एवढीच आहे की यंदाचा जमाखर्च मांडताना त्यात एक ओळ वाढवा. आपल्या मंडळाच्या एका निवृत्त खेळाडूचं नाव लिहा आणि त्यापुढे डी परवान्याच्या अभ्यासक्रमाचं शुल्क लिहा. अर्ज भरायला तो लाजेल, म्हणून मंडळातला एक शिकलेला पोरगा त्याच्यासोबत पाठवा. तो परत आला की शाळेतल्या पोरांचा सकाळचा सराव त्याच्याकडे द्या, आणि त्या दिवसापासून त्याला वस्ताद म्हणा.