बुरशीचे कूळ आणि सुपारीचा बचाव
(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



वनस्पतींचे व त्यांवर वाढणाऱ्या बुरशींचे वर्गीकरण हा केवळ प्रयोगशाळेचा विषय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पीक कोणते आणि त्यावरील बुरशी कोणत्या कुळातील, हे ठाऊक असल्याखेरीज रोगाचा बंदोबस्त होत नाही.

सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील कॉफीच्या मळ्यांत १८६९ मध्ये पानांखाली नारिंगी भुकटी दिसू लागली. बर्कली यांनी त्याच वर्षी या तांबेऱ्याचे नामकरण केले. १८८० ते १८८२ या काळात मार्शल वॉर्ड यांनी त्याचा जीवनक्रम अभ्यासला. परंतु दूरवर एकाच पिकाची लागवड असल्याने रोग आवरला नाही. कॉफीची जागा अखेर चहाने घेतली.

आता आपल्या कोकणाकडे वळू. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची ख्याती सर्वज्ञात आहे. या पिकाचा मोठा वैरी म्हणजे कोळेरोग. ऐन पावसाळ्यात कोवळ्या फळांवर देठाजवळ गर्द हिरवे, पाणथळ डाग पडतात आणि झाडाखाली फळांचा सडा पडतो. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी या रोगाचा सविस्तर अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. रोगास कारण असलेल्या प्रजातीचे नाव फायटॉप्थोरा.

त्या काळी ही बुरशीच गणली जाई. आज शास्त्रज्ञ तिला खऱ्या बुरशींपासून वेगळी मानतात. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तर हिच्या भित्तिकेत सेल्युलोज. हिचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणूनच पावसाची झड लागली की रोग फैलावतो. वंशावळीने ती तपकिरी शैवलांच्या जवळची आहे.

हा भेद कागदापुरता नाही. अनेक खऱ्या बुरशींवर चालणारे कार्बेन्डाझिम येथे निष्प्रभ ठरते आणि बागायतदाराचा पैसा व हंगाम दोन्ही जातात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण मात्र उपयोगी पडते. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्यापूर्वी करावी व सुमारे चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी ती पुन्हा करावी. गळालेली फळे व रोगट घोस गोळा करून नष्ट करावेत.

ग्रामपंचायतींनी एक काम अंगावर घ्यावे. रोग ओळखू न आल्यास ताजी, अंशतः रोगट फळे कागदात गुंडाळून, गाव, तारीख व पावसाची नोंद जोडून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे पाठवावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे की, बुरशी ही वनस्पती नव्हे. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान आहे.

वैद्य जसा रोगाचे निदान करूनच मात्रा देतो, तसेच बागायतदारानेही आधी निदान करून मगच पंप हाती घ्यावा, एवढीच विनंती.