गर्दी आणि लोखंडी कठडा

फुटबॉलचा सामना सुरू झाला म्हणजे हजारों डोळे चेंडूवर खिळतात. पायांखालची फळी भक्कम आहे कीं कुजकी, पाठीमागचा दरवाजा उघडा आहे कीं बंद, आणि पोटाशीं लागलेला लोखंडी दांडा आंतून गंजला आहे कीं काय, याचा विचार त्या वेळीं कोणी करीत नाहीं. आणि तो प्रेक्षकानें करावा अशी अपेक्षाहि नसते. तिकिटाचे पैसे घेणारानें तो आधींच करून ठेवलेला असावा, असा हा व्यवहार आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड या देशांत हा खेळ वाढला, आणि तेथेंच या व्यवहारांतील उणीवा वारंवार उघड्या पडल्या. श्रोत्यांच्या कानीं त्या हकीकती तुटक तुटक आल्या असतील. त्या एका ओळींत मांडून पाहण्यासारख्या आहेत.

जुन्या मैदानांत बहुसंख्य प्रेक्षक उभ्यानेंच सामना पाहत. उतरत्या पायऱ्यांची एक प्रशस्त चढण, तिच्यावर दाटीनें उभा असलेला समुदाय, आणि मधून मधून रोवलेले आडवे लोखंडी कठडे, अशी ती रचना असे. ५ एप्रिल १९०२ रोजीं ग्लासगो शहरांतील आयब्रॉक्स मैदानावर इंग्लंड व स्कॉटलंड यांचा सामना चालू असतां पश्चिमेकडील नव्या उंच सज्ज्याच्या फळ्या मोडल्या आणि त्या भगदाडांतून माणसें थेट जमिनीवर पडलीं. २५ जण मृत्यु पावले. जखमींची संख्या पांचशेंच्या वर गेली. करारांत ठरल्यापेक्षां हलक्या जातीचें लांकूड वापरलें, या आरोपावरून लांकूड पुरवणाऱ्या व्यापाऱ्यावर खटला झाला व तो त्यांतून निर्दोष सुटला. मैदानाचा आराखडा आर्चिबाल्ड लीच या स्थापत्यकाराचा होता. पुढें याच लीचनें पोकळ सांगाड्याऐवजीं मातीच्या भरावावर पायऱ्या बांधण्याची पद्धत रूढ केली व नळीच्या कठड्यांची रचना बसवली. ब्रिटनमधील कित्येक मोठीं मैदानें त्याच्याच हातचीं आहेत.

या कठड्याचें काम काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. सह्याद्रीच्या उतारावरील शेतांत बांध घालतात, ते पावसाचें सारें पाणी एकाच लोंढ्यानें खालीं येऊं नये म्हणून. उतरणीवर उभ्या असलेल्या गर्दीचेंहि तसेंच आहे. मागचा मनुष्य जरा पुढें झुकला म्हणजे त्याचा भार पुढच्यावर पडतो, त्याचा त्याच्या पुढच्यावर. आणि गोलाजवळ चेंडू गेला कीं हा भार लाटेसारखा खालीं उतरतो. कठडा ती लाट मध्येंच तोडतो. तो टिकला तर खालच्यांना कांहीं कळतहि नाहीं. तो मोडला तर त्याच्या पाठीमागें साठलेला सारा जोर एका क्षणांत पुढच्यांवर येतो. चेंगराचेंगरींत मनुष्य तुडवला जाऊन मरतो असा सामान्य समज आहे. पुष्कळदां तो उभ्या उभ्याच मरतो. छातीवर चोहोंकडून दाब आला म्हणजे बरगड्या हलत नाहींत, श्वास आंत घेतां येत नाहीं, आणि ओरडावें तर त्यालाहि श्वासच लागतो. दहा पावलांवरचा पोलीस त्याचा चेहरा पाहत असला, तरी त्याला वाटतें कीं हा खेळ पाहून उत्तेजित झाला आहे.

९ मार्च १९४६ रोजीं इंग्लंडमधील बोल्टन शहरीं नेमकें हेंच घडलें. महायुद्ध संपून वर्षहि झालें नव्हतें. चषकाचे सामने इतक्या वर्षांनीं पुन्हां सुरू झाले होते, आणि पाहुण्या स्टोक सिटी संघांत स्टॅन्ली मॅथ्यूज खेळणार होता. सारा गांव बर्नडेन पार्क मैदानाकडे लोटला. युद्धकाळांत मैदानाच्या एका बाजूचा सज्जा सरकारनें मालाच्या साठ्यासाठीं घेतला होता, तो अद्याप परत मिळालेला नव्हता. त्यामुळें त्या बाजूचीं फाटकें बंद. रेल्वेच्या भरावाकडील पायऱ्यांवर जावयाचें तर सर्वांनीं मैदानाच्या एकाच टोकानें शिरावें लागे. सामन्याला वीस मिनिटें उरलीं असतां फाटकें बंद करण्यांत आलीं. परंतु कोणी भिंतीवरून, कोणी रुळांच्या बाजूचें कुंपण ओलांडून लोक येतच राहिले. आंतली घुसमट पाहून एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन बाहेर पडूं पाहत होता. त्यानें एका दाराचें कुलूप कसेंबसें उघडलें व तो बाहेर पडला. त्याच उघड्या दारानें बाहेरचा जमाव आंत घुसला. त्या बापाला दोष देणें सोपें आहे. पण मूल घेऊन सरळ बाहेर पडावें अशी एकहि वाट त्याच्यासाठीं कोणी मोकळी ठेवलेली नव्हती, हें आधीं विचारांत घ्यावयास हवें.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला तोंच दोन कठडे मोडले. ३३ माणसें मेलीं व शेंकडों जखमी झालीं. खेळाडूंना आंत नेण्यांत आलें; प्रेतें मैदानाच्या कडेला ठेवून त्यांवर कोट पांघरले; आणि सुमारें अर्ध्या तासानें, भुशानें नवी रेषा आंखून, खेळ पुन्हां सुरू झाला. सामना बरोबरींत सुटला. खेळ चालूं ठेवला नसता तर बाकीची गर्दी बिथरली असती असें त्या वेळीं समर्थन झालें. त्यांत तथ्य असेलहि, परंतु त्या भुशाच्या रेषेचें चित्र मनांतून जात नाहीं.

त्या दिवसाचा अधिकृत आंकडा ६५,४१९ असा होता. प्रत्यक्षांत सुमारें ८५,००० लोक आले होते असा अंदाज करण्यांत आला. म्हणजे जवळजवळ वीस हजार माणसें कोणाच्याहि हिशेबांत नव्हतीं. शाळेंतला मास्तरदेखील सहलीला निघतांना चाळीस मुलें दोनदां मोजतो. सरकारनें नेमलेले चौकशी-अधिकारी मोएल्विन ह्यूज यांनीं आपल्या अहवालांत याच गोष्टीवर बोट ठेवलें. प्रत्येक विभागांत किती माणसें मावतात हें शास्त्रीय रीतीनें ठरवावें, फाटकावर यंत्रानें मोजणी करावी, मोजणीचा आंकडा एका ठिकाणीं ताबडतोब पोहोंचावा, आणि अशा मैदानांना परवाना देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना असावा, असें त्यांनीं सुचवलें. त्यांचें आणखी एक निरीक्षण फार मार्मिक होतें. अशी धोक्याची स्थिति मैदानांवर पुन्हां पुन्हां येते व बहुधा निभावून जाते. पण ती प्राणघातक होण्यास फारच थोडें पुरतें, थोडी गर्दी अधिक झाली, एकदा समुदाय हेलावला किंवा कठड्याचा एखादा भाग निसटला म्हणजे झालें. अहवाल १९४६ सालचा. परवान्याचा कायदा झाला १९७५ सालीं.

मधल्या काळांत आयब्रॉक्सनें दुसरा बळी घेतला. २ जानेवारी १९७१ रोजीं सामना संपून लोक तेरा क्रमांकाच्या जिन्यानें उतरत असतां पुढचे कोणी अडखळले आणि मागचा सारा लोंढा त्यांवर आला. ६६ जण गेले. शेवटच्या क्षणीं झालेल्या गोलाचा जल्लोष ऐकून कांहीं जण मागें फिरले व त्यामुळें टक्कर झाली, अशी कथा पसरली. चौकशींत ती टिकली नाहीं, कारण सर्व जण एकाच दिशेनें उतरत होते. पण लोकांना अशी कथा आवडते, कारण तींत दोष मेलेल्यांच्या उतावळेपणाकडे जातो. त्याच जिन्यावर १९६१ सालीं दोन माणसें मेलीं होतीं व नंतरहि अपघात झाले होते, ही गोष्ट मात्र मागें पडते. मुंबईकरांना हा जिना समजावून सांगावयास नको. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळीं पावसामुळें एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर अडकलेल्या गर्दींतून २३ जण परतले नाहींत. तो पूल अपुरा आहे, हें तेथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतें. त्याआधीं १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत दंगल व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. बंगालमध्यें तो दिवस अजून पाळतात.

यानंतरच्या दोन घटना शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. ११ मे १९८५ रोजीं ब्रॅडफर्ड शहराच्या मैदानावरील जुन्या लांकडी सज्ज्याला आग लागली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षें खालीं पडत गेलेला कचरा तसाच सांचलेला होता; आगीनंतर त्यांत १९६८ सालचें वर्तमानपत्र सांपडलें. फेंकलेल्या सिगारेटनें तेथें आग लागूं शकेल, असें स्थानिक अधिकाऱ्यांनीं आदल्या वर्षीं पत्रानें कळवलें होतें. आग विझवण्याचीं नळकांडीं दांडगे प्रेक्षक मोडतील म्हणून तेथून हलवलेलीं होतीं. कांहीं मिनिटांतच सारा सज्जा पेटला. मागच्या दारांकडे जे धांवले त्यांना कित्येक दारें बंद आढळलीं. मैदानाकडे जे उतरले त्यांतले बहुतेक वांचले, कारण त्या बाजूला जाळीचें कुंपण नव्हतें. ५६ माणसें मेलीं. नव्या छपरासाठीं आणलेलें पोलाद त्या दिवशीं तेथें येऊन पडलेलें होतें.

शेफील्ड शहरांतील हिल्सबरो मैदानावर तें कुंपण होतें. १५ एप्रिल १९८९ रोजीं लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. बाहेरची दाटी कमी करण्यासाठीं पोलिसांनीं एक मोठें फाटक उघडलें, आणि आंतला बोगदा बंद न केल्यामुळें येणारे सर्व जण आधींच भरलेल्या मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरले. बाजूच्या कोंडवाड्यांत जागा मोकळी होती. फाटकावरील यंत्रें त्या संपूर्ण टोकाचे प्रेक्षक मोजत; प्रत्येक कोंडवाड्यांत किती गेले हें मोजण्याची सोय नव्हती. सुरक्षिततेचें प्रमाणपत्र १९७९ सालचें. त्यानंतर आंतली रचना बदलली, कठडे बदलले. प्रमाणपत्रांतील आंकडा बदलला नाहीं. एक जुना गंजलेला कठडा मोडला. सहा मिनिटांनीं सामना थांबला. पुढें लोखंडी जाळी होती. ब्रॅडफर्डला जी बाजू जीवदान देऊन गेली, ती येथें बंद होती. आणि ती बंद केली होती प्रेक्षक मैदानांत घुसून दंगा करतील या भयानें. मृतांची संख्या ९७ झाली. त्यांतील शेवटचा मनुष्य त्या दिवशीं झालेल्या इजांमुळें २०२१ सालीं मृत्यु पावला.

दारू पिऊन आलेल्या प्रेक्षकांनीं हें ओढवून घेतलें, असा प्रचार पहिल्या दिवसापासून झाला. न्यायमूर्ति टेलर यांनीं त्याच वर्षीं तो आरोप फेटाळला. तरी १९९१ सालच्या मृत्युचौकशीचा निर्णय 'अपघाती मृत्यु' असाच लागला. मृतांच्या आईबापांनीं तो मानला नाहीं. २०१२ सालीं तो रद्द झाला, आणि २०१६ सालीं नव्या पंचांनीं प्रेक्षकांकडे दोष नाहीं, या माणसांचा बेकायदा वध झाला, असा निर्णय दिला. सत्तावीस वर्षें कागदपत्रें जपून न्यायालयांच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या कुटुंबांतील कित्येक वृद्ध तोंपर्यंत निघून गेले होते.

टेलर यांच्या अहवालानंतर इंग्लंडच्या वरिष्ठ श्रेणींतील मैदानांवर सर्वांना बसण्याची जागा देणें सक्तीचें झालें व जाळ्या निघाल्या. उभ्यानें सामना पाहण्याची हौस मात्र गेली नाहीं. लोक खुर्च्यांपुढें उभे राहूं लागले आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवरून कोलमडूं लागले. म्हणून २०२२ सालापासून परवाना घेऊन उभें राहण्याची मुभा पुन्हां मिळाली आहे. आतां प्रत्येक रांगेला स्वतंत्र लोखंडी कठडा असतो आणि प्रत्येक प्रेक्षकाला क्रमांक असलेली एक जागा. उघड्या पायऱ्यांवरील जोराच्या कठड्याला दर मीटर लांबीस सुमारें पांचशे किलो वजनाइतका आडवा दाब सोसावा लागतो. रांगेगणिक कठडा असला म्हणजे एकाच रांगेचा भार त्यावर येतो, मागच्या सबंध उतरणीचा नाहीं.