पाहणाऱ्याचा गुन्हा

उज्जैन ही महाकाळाची नगरी. शिंद्यांची ही जुनी राजधानी मराठी माणसालाही परकी नाही. क्षिप्रास्नानासाठी येणाऱ्या अनोळखी यात्रेकरूची विचारपूस करणे हा अशा तीर्थक्षेत्राचा धर्मच होय. याच नगरीत २५ सप्टेंबर २०२३ रोजी अत्याचाराला बळी पडलेली एक अल्पवयीन मुलगी रक्ताळलेल्या, अर्धवस्त्र अवस्थेत दारोदार मदत मागत फिरली. एका गृहस्थाने तिला हाकलून दिल्याचे दृश्य कॅमेऱ्याने टिपले. काहींनी तिच्या हाती पन्नास-शंभर रुपये ठेवले, असे पोलिसांनी सांगितले. अखेर एका आश्रमातील तरुण पुजाऱ्याने तिला अंगभर वस्त्र दिले, खाऊ घातले आणि पोलिसांना बोलाविले.

ज्यांनी पाहिले आणि पाठ फिरविली, ते गुन्हेगार काय?

आपल्या कायद्याचे उत्तर सामान्यतः नकारार्थी आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हाच या प्रश्नाचा ऊहापोह झाला. पायाशी उपाशी मरणाऱ्यास घास न देणारा धनिक दुष्ट खरा. परंतु ज्याच्यावर कायद्याने कर्तव्य टाकलेले नाही, त्याला खुनी म्हणता येत नाही, असा अभिप्राय पडला. बापाने मुलाला उपाशी ठेवले तर तो गुन्हा. वाटसरूने ठेवले तर ते केवळ पाप. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही रेषा पुसलेली नाही. फ्रान्समध्ये मात्र स्वतःला धोका नसताना संकटग्रस्ताला मदत न करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, तर जर्मनीत एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

बालकांपुरता आपला कायदाही कठोर आहे. लैंगिक अत्याचारापासून त्यांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळून आल्यास पोलिसांना कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या मुलीला गाडीत बसवूनही गप्प राहिलेल्या एका रिक्षाचालकावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला.

पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच उज्जैनमध्ये, कोयला फाटक येथे भरदिवसा रस्त्याच्या कडेला एका प्रौढ स्त्रीवर अत्याचार झाला. जाणारे-येणारे थांबले नाहीत. कोणी चित्रफीत काढली. ती काढणाऱ्यास अटक झाली. नुसते पाहून पुढे गेलेल्यांना मात्र पोक्सोचे कर्तव्य लागू नव्हते, कारण पीडित स्त्री बालक नव्हती.

लोक कचरतात ते नेहमीच निर्दयपणामुळे नव्हे. पोलिसांचा ससेमिरा आणि कोर्टाच्या खेपा यांची धास्ती मोठी असते. ती जाणूनच २०१९ च्या दुरुस्तीने मोटार अपघातातील जखमींना सद्‌भावनेने मदत करणाऱ्यांस संरक्षण दिले. त्यांना कायदा ‘गुड समॅरिटन’ म्हणतो. हे नाव येशूच्या दृष्टांतातील त्या शोमरोनी वाटसरूचे, ज्याने परक्या जखमीला उचलून धर्मशाळेत नेले. पोक्सो कायद्यातही सद्‌भावनेने खबर देणाऱ्यास अभय आहे.

कायद्याने कोणालाही गुंडाशी झुंजण्यास भाग पाडू नये. करुणाही शिक्षेच्या भयाने उपजत नाही. परंतु ११२ या क्रमांकावर खबर देण्यास शौर्य लागत नाही. एवढे किमान कर्तव्य बालक आणि प्रौढ असा भेद न करता सर्वांवर टाकावे, आणि ते बजावणाऱ्यास पूर्ण अभय द्यावे. त्या पुजाऱ्याने केले ते अलौकिक नव्हते; ते इतर कोणीही केले नाही, हीच खेदाची गोष्ट होय.