सतरा सप्टेंबरनंतरचं पान

गावोगावहून आलेल्या इतिहासाच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

श्री सिद्धरामेश्वरांच्या आणि चार हुतात्म्यांच्या या सोलापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं सांगताना इथल्या शिक्षकाचा ऊर भरून येतो. जीभ अडखळते ती १९४८ सांगताना.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य इथूनच नळदुर्गच्या रस्त्यानं हैदराबाद संस्थानात शिरलं. १७ तारखेला निजाम शरण आला. नोकरीभर मी इथंच खडू खाली ठेवत आलो. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, सगळं संपलं होतं ना? मग आमच्या पणजोबांना नंतर का मारलं?’’ त्याच्याच शेजारी बसलेल्या मुलाचे पणजोबा निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं नेसत्या वस्त्रानिशी सोलापुरात आले होते. दोघंही माझ्याकडं बघत होते. मी घंटेची वाट बघत होतो.

उत्तर नव्हतं असं नाही. केंद्र सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरली. लष्करी कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. समिती गावं हिंडत असतानाच, ९ डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी नरसंहारविरोधी करार संमत केला. आपल्याकडं तो अहवाल मात्र कित्येक दशकं कपाटात राहिला.

‘जुनी मढी कशाला उकरता?’ असं पालक विचारतात. पण पोरं ती घरून ऐकूनच वर्गात येतात, अर्धी. एकाला रझाकार ठाऊक, दुसऱ्याला त्यानंतरचे दिवस. रझाकार ही संघटना होती, जमात नव्हे. आणि नंतरच्या हल्लेखोरांचं पाप साऱ्या गावाचं नव्हे, हे फळ्यावर लिहावं लागतं. एकाच्या दुःखातून दुसऱ्याचं दुःख वजा करायचं नसतं, हेही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं. त्यापायी काहींनी जीवही गमावला. मागांच्या खटखटाटात वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना हे मी कधी सांगितलं नाही, याची खंत वाटते.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी तयार आहे. व्यवस्थेत उणं राहिलं तर पोटात घाला. निघताना प्रत्येकाला सोलापुरी चादर मिळेल. ती अंगावर घ्या. इतिहासावर तेवढं पांघरूण घालू नका.