खिशातले पाकीट, फोनमधले पाकीट

(कुरुळी येथे कामगार आणि लघुव्यावसायिकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोशीहून इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघाले की महामार्गालगत कुरुळी लागते. कधीकाळी शेतीवर जगणारे हे गाव आज कारखान्यांच्या भोंग्यावर जागे होते. पाळी सुटली की चहाच्या टपरीपुढे, भाजीच्या गाड्यापुढे, खानावळीच्या दाराशी माणसांची रीघ लागते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले हे हात संध्याकाळी खिशात जातात, ते पाकीट काढण्यासाठी नव्हे, तर फोन काढण्यासाठी. चौकोनी चित्रावर फोन धरला जातो, दुकानातला डबा रक्कम पुकारतो आणि व्यवहार संपतो.

व्यवहार संपतो खरा, पण एक प्रश्न उरतो. हे पैसे नेमके कोठून गेले? बँकेतल्या खात्यातून, की एखाद्या कंपनीकडे आधी भरून ठेवलेल्या पाकिटातून? पुष्कळांना हा भेद ठाऊक नसतो. सगळे सुरळीत चालू असते तोवर त्याची गरजही भासत नाही. ज्या दिवशी अडते, त्या दिवशी मात्र महिन्याची कमाई पणाला लागलेली असते.

मनीऑर्डरचा वारसा

घामाचा पैसा दूर गावी पोहोचवणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा कोकणचा चाकरमानी दरमहा गावी मनीऑर्डर करीत असे. कोकणातल्या कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटे. ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. भारतीय टपाल खात्याने १८८० मध्ये ही सेवा सुरू केली आणि जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये थांबवली. तिचे बळ वेगात नव्हते, विश्वासात होते. पैसे कोणाकडे दिले हे पाठवणाऱ्याला ठाऊक असे, आणि आईच्या अंगठ्याची पावती परत येई. फोनवरच्या साधनाची निवड करतानाही कसोटी तीच हवी. पैसा कोणाच्या ताब्यात आहे आणि अडल्यास दाद कोणाकडे मागायची?

दोन वाटा, एकच पडदा

फोनच्या पडद्यावर सारखी दिसणारी ही साधने मुळात दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार खऱ्या अर्थाने पाकिटाचा. यात ग्राहक आधी रक्कम भरतो, ती कंपनीच्या हवाली होते आणि खर्च होईल तशी कमी होत जाते. रिझर्व्ह बँकेने अशा पूर्वभरणा साधनांसाठी २००९ मध्ये पहिली नियमावली केली. दुसरा प्रकार यूपीआयचा. येथे ॲप म्हणजे नुसता दरवाजा असतो. पैसा बँकेच्या खात्यातच राहतो आणि पिन दिला की थेट समोरच्याच्या खात्यात जातो. राष्ट्रीय भरणा महामंडळाने घडवलेल्या या व्यवस्थेचा प्रारंभ ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत झाला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर आधी पाकिटांचा बोलबाला झाला. ३० डिसेंबर २०१६ रोजी भीम ॲप आले, पुढे यूपीआयने पाकिटांना मागे टाकले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

गोंधळ होतो तो एकाच ॲपमध्ये दोन्ही सोयी असल्यामुळे. फोनपेमध्ये पाकीटही आहे आणि यूपीआयही. गुगल पे भारतात मुख्यतः यूपीआयवर चालते. म्हणून ॲपचे नाव विचारून भागत नाही. पैसे देताना पडद्यावर कोणता स्रोत निवडलेला आहे, हे पाहावे लागते.

पाकिटाचे गुण आणि मर्यादा

पाकिटाला नावे ठेवण्याचे कारण नाही. किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी राहते आणि चूक झालीच तर नुकसान तेवढ्यापुरते मर्यादित राहते. शहाणी गृहिणी डब्यात भाजीचे पैसे वेगळे ठेवते, त्यातलाच हा प्रकार. मात्र नियम समजून घेतले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार किमान तपशिलावर उघडलेल्या पाकिटात महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंतच भरणा होतो आणि त्यातून केवळ खरेदी करता येते. गावी पैसे पाठवता येत नाहीत. ओळखीची पूर्ण पडताळणी झालेल्या पाकिटात दोन लाखांपर्यंत रक्कम राहू शकते आणि ठरावीक मर्यादेत ती इतरांना पाठवताही येते. पण दोन्हींत व्याज मिळत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे कवच असते. बिगरबँक कंपनीच्या पाकिटाला ते नाही. कंपनीला ग्राहकांचा पैसा बँकेतल्या स्वतंत्र राखीव खात्यात ठेवावा लागतो, हे संरक्षण आहे. ते विम्याच्या तोडीचे नव्हे. वर्षभर व्यवहार झाला नाही तर पाकीट निष्क्रिय होते, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपल्याकडे म्हणतात. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसाने तिथल्या सामान्य माणसाचे आर्थिक जीवन पालटले. भारतात २०१३ मध्ये आलेली तीच सेवा मात्र टिकली नाही. तिच्या चालकाने परवाना परत केला आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तो रद्द झाल्याचे जाहीर केले. पेटीएम पेमेंट्स बँकेवर ३१ जानेवारी २०२४ रोजी निर्बंध आले आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या खात्यांत व पाकिटांत नवा भरणा थांबला. शिल्लक वापरण्याची व काढून घेण्याची मुभा होती; पैसे बुडाले नाहीत. पेटीएमचे ॲपही अन्य बँकांच्या आधारे यूपीआयसाठी चालू राहिले. पण ज्यांचा पगार वा दुकानाचा गल्ला त्या बँकेतच येत होता, त्यांना धावपळ करून दुसरी सोय पाहावी लागली. परवाना बदलू शकतो आणि सेवा थांबू शकते. म्हणून घरखर्चाची सारी मदार एकाच पाकिटावर नसावी.

कोणी काय निवडावे?

कारखान्यात काम करणाऱ्या माणसासाठी बँकेतले स्वतःचे बचत खाते हा पाया आहे. पगार तेथेच यावा आणि गावी पाठवण्याची रक्कम तेथूनच यूपीआयने जावी. रोजच्या चहा-नाष्ट्यासाठी, रिक्षासाठी ‘यूपीआय लाइट’ पुरेसे आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात. त्यामुळे पासबुकात दहा-दहा रुपयांच्या नोंदींची गर्दी होत नाही. मात्र पिन लागत नाही, याचा अर्थ फोन दुसऱ्याच्या हाती उघडा पडला तर ती रक्कम धोक्यात. पाच हजारांची मर्यादा आहे म्हणून पाच हजार ठेवलेच पाहिजेत असे नाही.

गाव सोडून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. यूपीआय बँकेत नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकाला बांधलेले असते. नव्या ठिकाणी स्वस्त सिमकार्ड घेऊन जुने टाकून देण्याची सवय महाग पडू शकते, कारण बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या कोणाला दिला जातो. आधी बँकेत क्रमांक बदलावा, मग जुने कार्ड सोडावे.

गावाकडच्या आईजवळ साधा फोन असेल, तर तिच्यासाठी नवा फोन घेण्याची घाई नको. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली ‘१२३ पे’ ही सोय इंटरनेटविना साध्या फोनवर चालते. आणि २०१८ मध्ये देशभर सुरू झालेल्या टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन आजही दारी रोख रक्कम पोहोचवू शकतो. मनीऑर्डरचा दुवा असा पुन्हा जुळतो.

खानावळ वा किराणा दुकान चालवणाऱ्यांचे गणित निराळे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय भरण्यावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. ग्राहकाने पाकिटातून दोन हजारांहून अधिक रक्कम यूपीआयने दिली, तर एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार १.१ टक्क्यापर्यंत आकार लागू शकतो. तो ग्राहकावर पडत नाही. बोलणाऱ्या डब्याचे मासिक भाडे किती, हे सही करण्यापूर्वी विचारावे. ग्राहकाच्या पडद्यावरचे हिरवे चिन्ह म्हणजे पावती नव्हे. पैसे स्वतःच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. भिंतीवरचे चौकोनी चित्र दुकान उघडताना रोज तपासावे, कारण त्यावर दुसरे चिकटवून गल्ला पळवता येतो.

राष्ट्रीय रस्ता, परकी वाहने

यूपीआय हा भारतीयांनी बांधलेला राजमार्ग आहे आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. परंतु त्यावरून धावणाऱ्या वाहनांपैकी सर्वांत मोठी दोन, फोनपे आणि गुगल पे, अमेरिकी मालकीच्या समूहांतली आहेत आणि बहुसंख्य व्यवहार त्यांच्यामार्फत होतात. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा हा महामंडळाचा नियम २०२० मध्ये ठरला; अंमलबजावणीची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत लांबली. भरण्याची माहिती भारतातच साठवावी, हा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेश मात्र लागू आहे. ज्याला पर्याय हवा, त्याला भीम आहे आणि आपापल्या बँकेचे ॲपही आहे. ॲप बदलले म्हणून खाते बदलत नाही, आणि पैसाही हलत नाही. ग्राहकाचे खरे स्वातंत्र्य येथे आहे.

शेवटचे कुलूप

कोणतेही साधन निवडले तरी अखेरचे कुलूप माणसाच्या हाती असते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘बक्षीस जमा करतो, पिन टाका’ असे सांगणारा चोर आहे, हे घरातल्या लहानथोरांना पाठ हवे. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला वा पाकीट कंपनीला कळवावे. दोष ग्राहकाचा वा संस्थेचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर नुकसानीचा भार ग्राहकावर पडत नाही. मात्र स्वतःहून पिन सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार उघडे आहे.

गिरणीतल्या चाकरमान्याला मनीऑर्डरची पावती जपून ठेवायची सवय होती. कुरुळीतल्या कामगाराने तीच सवय फोनवर चालवावी. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, खात्याचा हिशेब पाहावा. पाच मिनिटांचे हे काम महिनाभराच्या घामाची राखण करते.