प्रकाश आणि मूक चुंबक



लंडनमधील पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरेडे बांधणीस आलेले ग्रंथ वाचूनच शास्त्राकडे वळला, ही हकीकत ग्रंथालयात सांगण्याजोगी आहे. याच फॅरेडेने १८४५ च्या सप्टेंबरात, प्रबळ विद्युत्‌चुंबकाजवळ ठेवलेल्या शिसेयुक्त जड काचेतून ध्रुवित प्रकाशाचा, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचा, किरण सोडला. ते प्रतल किंचित फिरले. चुंबक प्रकाशावर परिणाम करतो, हे सिद्ध झाले. मग प्रकाश चुंबकाला वळवू शकेल काय?

लोखंडाच्या चुंबकात अणुरूपी सूक्ष्म चुंबके एकाच दिशेला तोंड करून असतात. काही पदार्थांत मात्र शेजारशेजारची चुंबके परस्परविरुद्ध असतात. दोन तुल्यबळ पक्षांनी रस्सी ओढावी, तसा हा प्रकार. आत सारा जोर, बाहेर शून्य. यास प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. त्याचा उलगडा करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनीच, हे पदार्थ मनोवेधक असले तरी उपयोगाचे दिसत नाहीत, असे सांगितले. सत्काराच्या प्रसंगी एवढा प्रामाणिकपणा विरळाच!

पुढे ध्यानी आले की, बाहेरच्या चुंबकाला हे पदार्थ सहसा दाद देत नाहीत, म्हणूनच त्यांवर केलेली नोंद सुरक्षित राहील. पण जे सहजी पुसले जात नाही, ते लिहावे तरी कसे?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील नूह गेडिक व सहकाऱ्यांनी एक मार्ग दाखविला. लोह, स्फुरद व गंधक यांच्या संयुगाचा स्फटिक त्यांनी ११८ केल्व्हिनच्या, म्हणजे शून्याखाली सुमारे १५५ अंश सेल्सियसच्या, खाली थंड केला. त्यावर टेराहर्ट्‌झ प्रकाशाचे स्पंद सोडले. हा प्रकाश सेकंदाला लाख कोटींच्या घरात कंप पावतो. त्याने चुंबकांना थेट हात घातला नाही. स्फटिकातील अणूंना त्यांच्याच लयीत हलविले. अणूंची मांडणी किंचित बदलली, दोन पक्षांतील समतोल ढळला आणि बाहेर चुंबकत्व प्रकटले. स्पंद सेकंदाच्या अब्जांशाहूनही अल्प. परिणाम मात्र अडीच मिलिसेकंदांहून अधिक टिकला. ११८ केल्व्हिनच्या जितके जवळ जावे, तितका तो अधिक रेंगाळे, कारण तेथे मूळची शिस्तच डळमळू लागलेली असते.

अर्थात हे सारे अतिशीत पात्रात. खोलीच्या उष्णतेला या स्फटिकातील ती परस्परविरुद्ध रचनाच मुळी उरत नाही.