जागा कुणाच्या नावावर?



पुण्यात घर घ्यायला निघालेलं माणूस काय काय बघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. टँकर लागतो का, मेट्रो किती लांब, हप्ता झेपेल का. कार्पेट एरिया आणि महारेराचा नोंदणी क्रमांकही आता लोक विचारतात, फार चांगली गोष्ट आहे. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाच्या नावावर आहे, हे कुणी विचारत नाही.

"आमच्याच की, पैसे मोजलेत आम्ही!" नाही हो. तुमच्या हातात फ्लॅटचा नोंदवलेला करार आहे, इंडेक्स टू आहे. जमीन सोसायटीच्या नावावर व्हायला कन्व्हेयन्स व्हावा लागतो, सरकारी भाषेत अभिहस्तांतरण. तो झाला नसेल तर एकदा सातबारा काढून बघा. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. भोगवटादार म्हणून अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव सापडेल. त्याने कधीकाळी बिल्डरला विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं. पुढे तो वारला असेल, तर त्याच्या नावाला कंस पडून खाली मुलं, मुली, नातवंडं अशी वारसांची रांग. तुमच्या सोसायटीचं नाव त्या कागदावर कुठेच नाही.

बाल्कनीतल्या जास्वंदीचं बघा. रोप तुमचं, पाणी तुमचं, खत तुमचं, पण कुंडी दुसऱ्याची. फुलं येतायत तोवर कुंडीकडे कोण बघतो? मग एक दिवस कुंडीवाला येतो आणि त्याच मातीत, कडेला, आपलं दुसरं रोप खोचायला लागतो. उरलेला एफएसआय, वाढीव टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, बिल्डर तुमच्याच आवारात वापरायला बघतो, ते हेच. आणि मुळं दाटली, कुंडी बदलायची वेळ आली, की आधी त्या कुंडीवाल्याला शोधत फिरा.

कोथरूड-कर्वेनगरातल्या ऐंशीच्या दशकातल्या, बिनलिफ्टच्या इमारती आठवा. राहणारे सत्तरी-पंचाहत्तरीचे झालेत, जिना चढवत नाही. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा होते, पुनर्विकासाचा ठराव होतो, आणि येणारा विकसक विचारतो, "कन्व्हेयन्स झालाय ना?" तिथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बिल्डरची भागीदारी मोडलेली, एक भागीदार परदेशात, दुसऱ्याचा पत्ता नाही. इतकी वर्षं दरवर्षी सभा घेतलीत, रंग कुठला द्यायचा यावर तासन्‌तास बोललात, मग हा विषय एकदाही पटलावर का आला नाही? रागावून नाही, काळजीने विचारतोय.

1963 च्या मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या फ्लॅटसंबंधीच्या राज्याच्या कायद्याखाली, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. त्याने दिला नाही तर? तर त्याच्या सहीवाचून होतो, मानीव अभिहस्तांतरण, डीम्ड कन्व्हेयन्स. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. निर्णयाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांचे करार आणि इंडेक्स टू, मंजूर नकाशा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, हे गोळा करायला लागा. बिल्डर सापडत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. पुन्हा सांगतो, त्याच्या सहीवाचून होतो.

आणि आदेश मिळाला की पेढे वाटून थांबतात, तसं करू नका. त्या आदेशावरून दस्त तयार करून तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवायचा, मग फेरफार घालून सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढवून घ्यायचं. नाव चढलं, की कुंडी तुमची.

आता वाकड, रावेत, वाघोली इथे नवं घर घेणारे म्हणतील, आमचं तर बारा टॉवरचं संकुल, आमचं काय? तिथे इमारत एका सोसायटीची आणि जमीन सगळ्यांच्या मिळून असलेल्या शिखर संस्थेची, असा प्रकार असतो. शेवटचा टॉवर पुरा होईपर्यंत जमीन अडकून राहते. त्यावर बोलायला आज वेळ नाही. निदान करारातलं कन्व्हेयन्सचं कलम सही करण्यापूर्वी वाचा. बहुतेक शेवटच्या पानांत असतं, बारीक अक्षरात. वकिलाकडून मराठीत समजून घ्या, आणि तारीख लिहिलेली नसेल तर लिहून मागा.